धम्मदीपने उतरवलेले चौदा किलो

धम्मदीप शेजवळ मला पहिल्यांदा भेटला त्या दिवशी उल्हासनगरच्या बाजारात भर दुपारी अंधार पडला होता. ग्रहण नव्हतं, ढगही नव्हते. हरेशशेठच्या धान्याच्या दुकानाच्या दारात तो येऊन उभा राहिला होता, एवढंच. त्याच्या खांद्यांआड समोरचं साड्यांचं दुकान, शेजारचा फरसाणवाला आणि प्रवाशांसकट एक रिक्षा दिसेनाशी झाली. मी त्या वेळी कोलमची पंचवीस किलोची गोणी उचलण्याच्या प्रयत्नात होतो. गोणी जागची हलली नव्हती. हलली होती ती माझी कंबर. मी जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो. अशा अवस्थेत माणसाला जगातले फक्त बूट दिसतात. मला दोन दिसले, होड्यांएवढे. मग वरून कुठून तरी आवाज आला, "काका, श्वास सोडा," आणि पुढच्या क्षणी माझे पाय जमिनीवर नव्हते. एका काखेत गोणी आणि दुसऱ्या काखेत मी, असा तो दुकानभर चालला. मनात आणलं असतं तर तो आम्हा दोघांना घेऊन जांभूळ गावापर्यंत गेला असता आणि येताना बारवी धरणही उचलून आणलं असतं. पण त्याने आम्हाला दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर ठेवलं.

हरेशशेठने चष्मा वर करून आकडा वाचला. "एक सौ तेईस. इसमें चावल पच्चीस है, साईं. बाकी सब माल आपका."

सगळं दुकान हसलं. धम्मदीप हसला नाही. तो माझ्याकडे, एखादा मिस्त्री गळक्या भिंतीकडे बघतो तसा, आपुलकीने बघत होता.

खरं सांगायचं तर तो साडेपाच फुटांच्या वर अर्धा इंचही नाही. एकोणतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, आणि त्या खांद्यांचा कुणाला त्रास नको म्हणून दारातून तिरका आत येणारा लाजरा मुलगा. अंबरनाथ पश्चिमेला आईवडिलांबरोबर राहायचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीत, पॅकिंग खात्यात नोकरीला होता. त्याचे वडील सुदामराव त्याच कंपनीतून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेले. त्यांनी साहेबांच्या मागे लागून पोराला तिथे चिकटवलं होतं, आणि सहा वर्षं तात्पुरता राहिल्यावर धम्मदीप कायम झाला होता. कायम झाल्याचं पत्र सुदामरावांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. घराच्या बाहेरच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्यांच्या खाली, आदराने हातभर अंतर सोडून, ते पत्र होतं.

कंपनीच्या आधी आणि कंपनी सुटल्यावर धम्मदीप लोकांना व्यायाम शिकवायचा. त्यासाठी ठाण्याला जाऊन त्याने सहा महिन्यांचा कोर्स केला होता. तो घरोघर जायचा. पाठीवर शाळेचं दप्तर, त्यात दोन डंबेल, एक दोरी आणि एक चटई. बाकीची जिम तो तुमच्याच घरात शोधायचा. पाण्याचा वीस लिटरचा जार, तांदळाचा डबा, बसायचा पाट, खिडकीचा कठडा. घरातली एकही वस्तू त्याला निरुपयोगी वाटत नसे, सोफा सोडला तर. बोलायचा इतकं नम्र, की हा हुकूम आहे हे कळेपर्यंत आपण जमिनीवर पालथे झालेलो असायचो. "काका, अजून दोनच." ते दोन कधी संपत नसत. दोन झाले की त्यांच्या मागे अजून दोन उभे असायचे.

त्याची एक पद्धत मात्र दुसऱ्या कुणाची नसावी. गिऱ्हाइकाचं वजन तो जिमच्या काट्यावर करत नसे. जिमचा काटा मालकाच्या बाजूने बोलतो, हरेशशेठच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याची सगळी गिऱ्हाइकं हरेशशेठच्या दुकानात गहू आणि तूरडाळ यांच्या मधल्या बोळात रांग लावायची. हरेशशेठ एकेकाला तोलून आकडा असा म्हणायचा की पलीकडच्या गल्लीत कळावा. बायका पहिल्यांदा संकोचल्या, मग सरावल्या, आणि शेवटी शेजारणीचा आकडा ऐकण्यासाठी वेळेच्या आधी येऊ लागल्या.

आखडलेली कंबर सुटल्यावर मीही त्याचं गिऱ्हाईक झालो. पहिल्या दिवशी त्याने एक छापील फॉर्म पुढे केला. नाव, वय, उंची. मग प्रश्न होता, शुगर आहे का. मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. हे उत्तर मी कशाच्या आधारावर दिलं ते सांगतो. माझ्या वडिलांना शुगर होती, दोन्ही काकांना होती, आणि नेमकं त्याच कारणाने मी नऊ वर्षं रक्त तपासलं नव्हतं. तपासलंच नाही तर असणार कुठून? माझ्या ओळखीतले निम्मे लोक याच पद्धतीने निरोगी आहेत.

पहिल्या महिन्यात दोन किलो गेले. दुसऱ्यात तीन. पाच महिन्यांनी हरेशशेठने चौऱ्याऐंशी म्हटलं तेव्हा समोरचा फरसाणवाला कढई सोडून बघायला आला. अठ्ठ्याण्णवातून चौदा. मी फार घाम गाळत होतो अशी कुणाची समजूत नको. मी पाच जोर काढून सात मोजायचो. धम्मदीप गेला की रंजना, म्हणजे माझी बायको, पोहे करायची आणि मी ते दोनदा घ्यायचो. तरी वजन उतरत होतं. तहान मात्र विलक्षण लागायची. धम्मदीप खूश व्हायचा. शरीर पाणी मागतंय काका, साफ होतंय. रात्रीतून पाच वेळा उठावं लागायचं, तेही साफ होणंच होतं. संध्याकाळी अंगात त्राण उरायचं नाही, ती चरबी जळत होती. यात त्या मुलाची चूक शोधण्यात अर्थ नाही. त्याने विचारलं होतं, आणि माझ्या हस्ताक्षरातलं उत्तर त्याच्या फायलीत होतं.

माझी बाजारात कीर्ती झाली. रिक्षावाले ओळखू लागले. मी दोन नव्या पँट शिवल्या आणि जुन्या पँटचा कमरेचा घेर पाहुण्यांना उघडून दाखवू लागलो. धम्मदीपची गिऱ्हाइकं सहाची एकोणीस झाली. लोक दप्तरवाल्याला शोधत यायचे आणि विचारायचे, ते धान्याच्या दुकानातले जाडे काका बारीक केले ते तुम्हीच ना?

तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की नोकरी सोडावी, पूर्ण वेळ हेच करावं आणि स्वतःची जिम काढावी. अंबरनाथ पश्चिमेला एका मंडपवाल्याचं पहिल्या मजल्यावरचं रिकामं गोदाम त्याने बघूनही ठेवलं.

त्याच आठवड्यात रंजनाने मला डॉक्टर निशांकडे ओढून नेलं, कारण मला टीव्हीवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट वाचला. मी त्यांना माझ्या चौदा किलोंची हकिकत ऐकवली, पँटसकट. त्या पेन टोपणात घालेपर्यंत थांबल्या.

"व्यायामाने दोन-तीन किलो गेले असतील," त्या म्हणाल्या. "बाकीचे शुगरने नेलेत. अजून दोन महिने असेच बारीक होत राहिला असतात, तर मला हार घेऊन यावं लागलं असतं."

गोळ्या लिहून देताना त्यांनी सांगितलं की औषध लागू पडलं की वजन थोडं परत येईल, घाबरू नका. मी तिथेच घाबरलो. एका मुलाची कायमची नोकरी माझ्या चौदा किलोंच्या भरवशावर सुटायच्या बेतात होती, आणि ते चौदा किलो त्याने उतरवलेच नव्हते. त्याने राजीनामा देण्याआधी मी हे त्याला सांगणं भाग होतं. बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी आला. मी सांगणारच होतो. त्याने दप्तरातून कागद काढला आणि म्हणाला, राजीनाम्याचं मराठी जरा तपासून द्या काका. मी तपासून दिलं. एक वेलांटी सुधारली आणि शेवटी 'कृपया' घातलं.

म्हटलं, आज नाही तर रविवारी, त्याच्या घरी जाऊन सांगू. वडिलांसमोर सांगितलं की जबाबदारीने सांगितल्यासारखं होईल. रविवारी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. मी बिनसाखरेचा मागितला, तर धम्मदीप अभिमानाने आईला म्हणाला, बघ, किती शिस्त. सुदामराव लॅमिनेट केलेल्या पत्राखाली बसले होते. सडपातळ, ताठ, एकतीस वर्षं रंगाचे डबे उचलून एक खांदा खाली आलेला माणूस. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यांनी मला सरळ विचारलं.

"तुम्ही शिकलेले आहात. मी डबे भरणारा माणूस, मला यातलं कळत नाही. पोरगा कायम नोकरी सोडतोय. सोडू देऊ का? तुम्ही म्हणाल ते."

धम्मदीप चटईवर मांडी घालून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. परीक्षेचा निकाल बघायला आलेला मुलगा बघतो तसा नाही; पेपर सोपा गेलेला मुलगा बघतो तसा. एक वाक्य बोलायचं होतं. मला शुगर निघाली आहे, एवढंच. चार शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून दुसरीच चार वाक्यं बाहेर आली.

"हाताला गुण आहे पोराच्या. माझ्याकडे बघा. आणखी काय पुरावा पाहिजे? सोडू द्या."

सुदामराव थोडा वेळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या नव्या पँटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय तर."

मी असं का केलं याची मी पुष्कळ कारणं शोधली आहेत. मुलाचा उत्साह मोडवेना, जिम कदाचित चालेलही, तो खरोखरच चांगला शिकवतो. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कारण खरं नाही. मला बाजारात बारीक माणूस म्हणून चालायला आवडत होतं. आणि खरं सांगितलं असतं तर फॉर्मवरचं ते 'नाही' माझ्याच नावावर पडलं असतं.

जिम जानेवारीत उघडली. कंपनीतून मिळालेले फंडाचे सगळे पैसे यंत्रांत गेले. दारावर सात फुटांचा फ्लेक्स लागला आणि त्यावर मी होतो. डावीकडे भाच्याच्या लग्नात जिलेबी हातात घेतलेला अठ्ठ्याण्णव किलोचा मी, उजवीकडे पोट आत ओढलेला चौऱ्याऐंशी किलोचा मी, मध्ये एक लाल बाण. माझा लग्नातला फोटोही एवढा मोठा काढला नव्हता.

उद्घाटनाला आधी वंदना झाली. सुदामरावांनी मेणबत्त्या लावल्या, सगळे हात जोडून उभे राहिले, मीही पुढच्या रांगेत. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सुदामरावांनी सावकाश म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, मीही म्हटलं. म्हणताना मान खाली घातली, तर समोर माझंच पोट, गोळ्या लागू पडल्यामुळे पूर्ववत व्हायला निघालेलं.

त्यानंतर मी एक अभूतपूर्व गोष्ट केली. मी खरा व्यायाम सुरू केला. वजन परत येऊ द्यायचं नाही, म्हणजे फ्लेक्सची अब्रू राहील, असा माझा बेत. पाच जोर काढून पाचच मोजू लागलो. पोहे एकदाच घेऊ लागलो. तरी मार्चच्या रविवारी घरच्या काट्याने अठ्ठ्याऐंशी दाखवलं होतं. हरेशशेठच्या काट्यावर चढलो तेव्हा शेजारी हरभऱ्याच्या गोण्यांची थप्पी होती. मी सहज तिच्यावर हात टेकवला. फक्त टेकवला असं बाहेरून दिसत होतं. आतून माझा डावा दंड थरथरत होता.

हरेशशेठने आकडा नेहमीसारखा मोठ्याने म्हटला. "चौरासी." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तीस साल से यही काम देख रहा हूँ, साईं. लोग पाव किलो मारते हैं. आप तो पूरे चार किलो मार रहे हो."

मग त्याने पुढच्या माणसाला काट्यावर बोलावलं. मी बाहेर येऊन फरसाणवाल्यासमोर उभा राहिलो आणि त्याने केलेलं अभिनंदन स्वीकारलं.

एप्रिलमध्ये बकुळाकाकूंचं प्रकरण झालं. बकुळाकाकूंचं जिमच्याच रस्त्यावर पोळीभाजी केंद्र होतं. बावन्न वर्षांच्या, बोलण्याला चुरचुरीत, मुलाच्या लग्नात शालू नीट नेसता यावा म्हणून जिममध्ये आलेल्या. त्यांचे तीन महिन्यांत अकरा किलो उतरले होते आणि धम्मदीपला माझ्यानंतर त्यांचाच अभिमान होता. मी एका बाजूला बाकावर धापा टाकत बसलो होतो. काकू पाण्याची दुसरी बाटली संपवून तिसरी उघडत होत्या आणि शेजारच्या बाईला हसत सांगत होत्या, रात्रीतून सहादा उठते गं, झोप कसली ती नाहीच, पण धम्मदीप म्हणतो अंग साफ होतंय.

धम्मदीप तिथून जाता जाता म्हणाला, "काळजी करू नका काकू. काकांचंही सेम असंच झालेलं. विचारा त्यांना."

त्याने माझ्याकडे बोट केलं. पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघू लागली. मी उठलो. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी 'अजून दोन' न म्हणता उठलो.

"मला शुगर होती," मी म्हणालो. "ते वजन शुगरने गेलं. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलंय. काकू, तुम्ही ट्रेडमिलवर जाऊ नका. आधी रक्त तपासा."

बकुळाकाकू म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय." पण खाली बसल्या. धम्मदीपने खालच्या औषधवाल्याकडून शुगर तपासायचं यंत्र आणलं. काकूंचा आकडा चारशे अडतीस आला. फायलीतला त्यांचा फॉर्म त्याने काढून बघितला. तिथेही 'नाही' होतं. काकूंनीही नऊ-दहा वर्षं काही तपासलं नव्हतं. त्याही माझ्याच पंथातल्या.

त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात पोचवून आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नोव्हेंबर म्हणजे," त्याने विचारलं, "तुम्ही घरी आला होता त्याच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हणालो.

त्याने शिडी आणली, स्वतःच वर चढला आणि फ्लेक्स उतरवला. गुंडाळून नीट दोरी बांधली. मी खालून शिडी धरली होती. त्याने ती धरू दिली, हे मला अजून आठवतं.

बकुळाकाकू चार दिवसांनी घरी आल्या आणि मुलाच्या लग्नात शालू नेसून मिरवल्याही. त्यांनी धम्मदीपला दोष दिला नाही, उलट डबा पाठवला. जिमला धक्का बसला तो त्यांच्यामुळे नाही. मेपासून धम्मदीपने नियम केला की रक्ताचा रिपोर्ट आणल्याशिवाय कुणालाही प्रवेश नाही, जुन्यांनाही नाही. नियम उत्तम होता. डॉक्टर निशांनी ऐकून त्याचं कौतुक केलं. फक्त त्याला आमचे लोक माहीत नव्हते. माणसं यायची, यंत्रं दाबून बघायची, आरशात दंड बघायची, आणि रिपोर्टचं ऐकलं की म्हणायची, तपासून येतो. त्यातलं कुणी परत आलं नाही. रस्त्यापलीकडे दुसरी जिम निघाली. तिथे रिपोर्ट मागत नव्हते, वर टी-शर्ट देत होते. मी धम्मदीपला एकदा म्हटलं की नियम जरा सैल कर, निदान तिशीच्या आतल्यांना सोड. तो डंबेल पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही नका सांगू, काका."

मी रोज जायचो. सकाळी सहा ते सात, पूर्ण पैसे भरून, एकही दिवस न चुकवता. शेवटच्या महिन्यात सहाच्या वेळेला मी एकटाच असायचो आणि तो मला पूर्वीइतक्याच काळजीने शिकवायचा. पाठ सरळ, काका. श्वास सोडा. अजून दोनच. मी अजून दोन काढायचो. रंजना म्हणते, तुम्ही प्रायश्चित्त घेताय. मी तिला सांगतो की प्रायश्चित्ताने गुडघे दुखत नाहीत.

सुदामरावांना मी एकदाच भेटायला गेलो. सगळं सांगितलं, तारखेसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत बघून म्हणाले की यांच्यासाठी चहा ठेवा, साखर नको. मी चहा घेतला.

जिम दहा महिन्यांनी, दिवाळीच्या आधी बंद झाली. यंत्रं बदलापूरच्या एका माणसाने नेली. कंपनीने कायमची जागा परत दिली नाही. धम्मदीप आता त्याच पॅकिंग खात्यात कंत्राटदाराकडून कामाला आहे.